वाड्यातली नाणी आणि ‘किती येतील?’

मंडळी, जुन्या घराच्या आवारात जमिनीखालून काही निघाले की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती येतील?’ दुसरा प्रश्न, ‘कुणाला कळले तर नाही ना?’ आणि तिसरा, ‘घरात पितांबरी आहे का?’ हे काय आहे, कधीचे आहे, इथे कसे आले, हे प्रश्न चौथ्या-पाचव्या नंबरावर येतात. तोवर त्यांची उत्तरे देण्याची त्या वस्तूची ताकद आपण घासून-पुसून संपवलेली असते.

आजचा लेख थोडा चिडून लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या माहेरच्या वाड्याची जागा विकायचे ठरले आहे. (इथे वाचणाऱ्या नातलगांना हे ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगते.) वाडा कसला, आता उरले आहे ते जोते, दोन भिंती, ओटी, देवघराची खोली आणि परसातला आड. धाकट्या भाच्याने ऑनलाइन एक मेटल डिटेक्टर मागवला आणि सलग दोन रविवार तो तिथे फिरवला. मग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. स्टीलच्या वाटीत तांब्याची एकोणीस नाणी, चिंच आणि पितांबरी लावून नव्या तांब्याभांड्यासारखी चकचकीत केलेली. खाली वाक्य, ‘आपला पेशवेकालीन खजिना!’ आणि त्याखाली थोरामोठ्यांचे अंगठे, टाळ्या, फुले.

भाच्यावर राग नाही. मुलगा कष्टाळू आहे, आणि वाड्याकडे वळून बघणारा त्या पिढीतला तो एकटाच. पण त्याने जे केले ते चुकीचे आहे, आणि ते का, हे त्याला कुणीच सांगितले नाही. फुले पाठवणाऱ्यांनी तर नाहीच नाही. म्हणून मी सांगते.

आधी यंत्राबद्दल. त्याच्या टोकाला असलेल्या थाळीत तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज खेळवली की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. जमिनीत धातू असला तर त्यात बारीक प्रवाह निर्माण होतात, ते यंत्राला कळतात आणि ते ‘टिंग’ करते. बस्स, एवढेच! नाण्याएवढी वस्तू साध्या यंत्राला वीत-दीड वीत खोलीपर्यंतच कळते. आकडे दाखवणारे महागडे यंत्र फार तर ‘हे तांब्यासारखे, हे लोखंडासारखे’ असा अंदाज देते. खाली धातू आहे, एवढे त्याला समजते. ते काय आहे, हे त्याला समजत नाही, आणि आपल्याला समजावे म्हणून जी जागा, जी खोली, जी शेजारची माती लागते ती आपण दहा मिनिटांत खुरप्याने उकरून फेकून देतो.

आमच्या लहानपणी गावात गुप्तधन शोधायला पायाळू माणूस लागत असे. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीखालचे धन दिसते अशी समजूत. त्या समजुतीपायी काय काय भयंकर प्रकार झाले ते वर्तमानपत्रांत आपण वाचले आहेत. महाराष्ट्राने २०१३ साली जो नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्ये मुद्दाम घालावी लागली. आता पायाळूच्या जागी बॅटरीवरचे यंत्र आले. अघोरीपणा गेला हे फार चांगले झाले, पण डोक्यातला हंडा काही गेला नाही! २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ चित्रपट आला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री विजेऱ्या, चाळण्या, कुदळी आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेते उकरू लागले. मुघलांचे सोने तिथे पुरलेले आहे म्हणे! चित्रपट पाहून इतिहासाची गोडी लागली असेल असे म्हणावे, तर लागली ती हंड्याची.

आता आमच्या वाटीतली नाणी. फोटो मोठा करून, भिंग लावून मी पाहिली. भाच्याने ‘शिवाजी महाराजांची नाणी’ म्हणून दाखवली आहेत त्या शिवराया आहेत, यात शंका नाही. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान असल्यामुळे अक्षरे अर्धीमुर्धी उमटलेली. पण शिवराई दिसली की ती महाराजांच्या टांकसाळीतलीच, हे समीकरण सोडून द्यायला हवे. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सुरू झालेले हे नाणे इतके लोकांच्या अंगवळणी पडले, की छत्रपतींच्या पुढच्या पिढ्यांत, पेशवाईभर, आणि पेशवाई बुडाल्यावर कंपनीच्या अमलातही काही वर्षे त्याच नावाने, त्याच धाटणीने ते पाडले जात होते. आमच्या वाटीतल्या बऱ्याच शिवरायांवर अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा स्पष्ट दिसतात. ही ‘दुदांडी’ शिवराई, म्हणजे उत्तरकाळातली. तिला बाजारात मोठी किंमत नाही, कारण ती पुष्कळ आहे.

बाकी एक पाव आणा, ईस्ट इंडिया कंपनीचा, १८३५ चा. दोन राणीची नाणी. त्यातल्या एकावर ‘क्वीन’ आणि दुसऱ्यावर ‘एम्प्रेस’ असे आहे. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. राणी १८७७ पासून हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणवून घेऊ लागली, तेव्हा ‘एम्प्रेस’ लिहिलेले नाणे त्याच्या आधीचे असूच शकत नाही, वर्ष झिजलेले असले तरी. आणि एक भोकाचा पैसा. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली म्हणून १९४३ पासून मधे भोक पाडलेले पैसे निघाले, त्यातला. तो करगोट्यात ओवलेला मी लहानपणी पाहिला आहे. त्याला पेशवेकालीन म्हणणे म्हणजे कमालच झाली!

तर असा हा ‘खजिना’. पण माझी तक्रार त्याची किंमत कमी आहे ही नाहीच. उलट, ही नाणी आमच्या घराला एका प्रश्नाचे उत्तर देऊ शकली असती आणि ती संधी निम्मीअधिक वाया गेली, ही तक्रार आहे.

आपल्याकडे पायाभरणीला, उंबरठा बसवताना नाणे घालायची रीत आहे. समजा, तो १८३५ चा पाव आणा जोत्याच्या चिऱ्यांखालून, न हललेल्या मातीतून निघाला असेल, तर जोते १८३५ च्या आधीचे असणे शक्य नाही. नंतर किती वर्षांनी बांधले ते नाणे सांगत नाही, पण आधीचे नाही हे मात्र ठणकावून सांगते. म्हणजे आजोबांपासून चालत आलेली ‘वाडा सवाई माधवरावांच्या वेळचा’ ही गोष्ट निकालात निघाली. तोच पाव आणा परसात, उकिरड्याच्या जागी वरच्यावर मिळाला असेल तर त्याला अर्थ एवढाच की कुणाच्या तरी कनवटीचा पैसा पडला. नाणे तेच, धातू तोच, पण एका जागी ते साक्षीदार आहे आणि दुसऱ्या जागी नुसता हरवलेला पैसा. आता ते कुठे मिळाले होते? भाच्याला विचारले तर म्हणाला, ‘आत्या, सगळी एकाच पिशवीत टाकली ना मी.’

आणि घासली! हिरवट-तपकिरी थर खरवडताना त्याखालची बारीक अक्षरेही जातात, आणि नाणे किती काळ कसल्या मातीत होते याची खूणही जाते. संग्राहकसुद्धा घासलेल्या नाण्याला नाक मुरडतो, म्हणजे ‘किती येतील’वाल्यांचेही नुकसानच.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. यंत्रावर लोखंड ‘बंद’ करायची सोय असते. खिळ्या-मोळ्यांनी सारखा टिंग-टिंग आवाज येऊ नये म्हणून ती वापरतात. भाच्याने ती वापरली, आणि तरीही जे लोखंड निघाले ते ‘भंगार’ म्हणून फेकले. अहो, घराचा इतिहास लोखंडातच असतो! लोहाराने ठोकून घडवलेला खिळा अंगाने चौकोनी असतो, त्याच्या डोक्यावर हातोडीचे घाव दिसतात. कारखान्यातला तारेचा खिळा गोल असतो. कोणत्या भिंतीपाशी कोणते खिळे मिळतात यावरून मूळचे घर कुठपर्यंत होते आणि नंतर वाढवलेले कुठून, हे सांगता येते. बिजागरी, कोयंडा, बैलाचा नाल, मोटेची कडी, विळ्याचे पाते... आमच्या घरात बाराशे वर्षांत कुणी सरदार झाला नाही. शेती केली, भिक्षुकी केली, बैल राखले. त्याची निशाणी लोखंडाचीच असणार, होनांची कुठून असणार?

वाटीत एक शिशाची गोळीही आहे, बोराएवढी. तिच्यावरचा पांढुरका थर घासायचा कुणी विचार करत असेल तर करू नये, ते विषारी असते. अशी गोळी झाडलेली असेल तर आपटून चपटी होते. ही गोल आहे आणि साच्याची शिवण दिसते, म्हणजे बहुधा न झाडलेली. ती घरात का होती, वाड्यात तोड्याची बंदूक होती का, की वाटेने जाणाऱ्या कुणाची पडली? जागा माहीत असती तर तर्क तरी करता आला असता. आता फक्त कथा रचता येतील, आणि आमच्या घरात कथा रचणाऱ्यांची वाण नाही.

‘एवढ्याशा वस्तूंसाठी एवढा ऊहापोह कशाला?’ असे कुणी म्हणेल. मग मोठ्या वस्तूचे सांगते. १९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबाद इथे (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) एक भिल्ल शेतकरी झुडपाचे मूळ खणत होता. त्याला ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या. बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा. चारींचे मिळून वजन साठ किलोच्या वर! महाराष्ट्राच्या मातीतून याहून अपूर्व धातूकाम क्वचितच निघाले असेल. नंतर एस. ए. साळी यांनी तिथे रीतसर उत्खनन केले, गावाचे थरामागून थर उलगडले. पण मूर्ती उत्तर-हडप्पा काळातल्या की बऱ्याच नंतरच्या, हा वाद तज्ज्ञांमध्ये झालाच. धातूतल्या घटकांवरून शंका काढल्या गेल्या, आणि त्या शंका कायमच्या मिटवता आल्या नाहीत, कारण त्या मूर्ती तज्ज्ञांच्या डोळ्यांदेखत थरात सापडल्या नव्हत्या. शेतकऱ्याचा यात काडीचा दोष नाही, त्याला मूळ खणायचे होते. पण जो मुद्दाम, यंत्र विकत घेऊन, शोधायलाच निघतो त्याला ही सबब नाही. याउलट २०२५ मध्ये रायगडावर यंत्रराज हे ग्रहताऱ्यांच्या वेधाचे उपकरण मिळाले, ते उत्खननात मिळाले. त्याच्याबरोबर त्याचा पत्ताही हाती आला.

भाच्याचे म्हणणे, इंग्लंडात हा लोकांचा छंदच आहे. बरोबर आहे. २००९ साली स्टॅफर्डशायरमधल्या एका शेतात अशाच एका छांदिष्टाला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा प्रचंड साठा मिळाला, आणि बत्तीस लाख पौंडांच्या वर ठरलेली रक्कम त्याला आणि शेतमालकाला निम्मी-निम्मी मिळाली. पण का मिळाली? त्याने कळवले म्हणून. तिथे १९९६ चा कायदा आहे, जमीनमालकाची परवानगी लागते, खजिन्यात मोडणारी वस्तू चौदा दिवसांत कळवावी लागते. शिवाय १९९७ पासून साध्या, किरकोळ वस्तूंचीही नोंद करून घेणारी यंत्रणा आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत तिची माणसे आहेत. त्यांच्याकडे गुंडी घेऊन जा, तुटके बक्कल घेऊन जा, ते नोंद करतात आणि वस्तू तुम्हाला परत देतात. अशा दहा लाखांहून जास्त नोंदी झाल्या आहेत. आणि लपवणाऱ्यांचे काय झाले तेही ऐका. २०१५ मध्ये लेमिन्स्टरजवळ दोघांना व्हायकिंग काळातला साठा मिळाला. अंदाजे तीनशे नाणी. त्यांनी ती दलालांकडून विकायला काढली. जी तीस-एक परत मिळाली त्यांतल्या काहींवर राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या राज्याचा राजा केओलवुल्फ दोघेही शेजारी-शेजारी होते. ज्या केओलवुल्फला इतिहासाने परक्यांच्या हातचे बाहुले ठरवून अडगळीत टाकले होते, तो आल्फ्रेडच्या बरोबरीचा सहकारी होता, हे त्या नाण्यांनी सांगितले. उरलेल्या नाण्यांनी आणखी काय सांगितले असते? ती गेली. दोघांना २०१९ मध्ये लांबलचक तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. इंग्लंडचे नाव घ्यायचे तर सगळे घ्यावे.

आता आपल्या सरकारचेही थोडे माप काढते. आपला कायदा १८७८ चा. दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही जमिनीत सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवा, काय, किती, कुठे, कधी. न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद. पुरणाऱ्याचा वारस नसेल तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक. सरकारला ती वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकते. म्हणजे सरकार मोल करणार तांब्याचे, शिवराईचे नाही! तीच ‘मोडीची’ नजर. मग पाया खणणारा मजूर जिल्हाधिकारी कचेरीची पायरी कशाला चढेल? २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या पोलिसांनी बांधकामावर सापडलेली २१६ सोन्याची जुनी नाणी एका मजूर कुटुंबाकडून जप्त केली, अडीच किलोला थोडी कमी. त्या लोकांना लोभ सुटला असेल, पण ‘कळवलेस तर तुझे भले होईल’ असे त्यांना कोण सांगणार होते? मी स्वतः गेल्या आठवड्यात एका कचेरीत विचारायला गेले, तर समोरच्या गृहस्थांनी विचारले, ‘मॅडम, सोनं आहे का? नाही ना? मग कशाला त्रास करून घेता?’ जिल्ह्याच्या ठिकाणी एक माणूस, एक टेबल, एक नोंदवही आणि वस्तू परत देण्याची हमी, एवढे केले तरी लोक रांग लावतील. घाबरवून लोक फक्त वितळवायला शिकतात.

जाता जाता, भाच्याच्या मित्राने दाखवलेल्या त्या ‘अनमोल’ नाण्याबद्दल. एका बाजूला मारुती किंवा रामपंचायतन, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, ‘हाफ आना’. ते कंपनीने कधीही पाडलेले नाही. ते अलीकडचे बनावट टाक आहेत, आणि ‘तांदूळ ओढणारे नाणे, परदेशात कोट्यवधी’ म्हणून त्यावर लोकांना लुबाडतात. निवृत्तीचे पैसे त्यात घालवलेले लोक आहेत. कृपा करून दूर राहा. आणि किल्ल्यावर, संरक्षित वास्तूच्या हद्दीत यंत्र घेऊन जाण्याचा बेत असेल तर तिथे परवानगीशिवाय खणणे हा सरळ गुन्हा आहे, छंद म्हणून कुणी सोडणार नाही.

राहिला आमचा वाडा. पुढच्या महिन्यात खरेदीखत आहे आणि लगेच जेसीबी लागणार आहे. माहेरच्या मालमत्तेत मुलींचा हक्क कायद्याने मान्य झाल्यापासून माझीही सही लागते. दादा, वहिनी, मी सही करणार आहे, वाड्यात खोडा घालायचा नाही. माझ्या हिश्श्याचे पैसेही भाचरांनीच वाटून घ्यावेत. पण ओटीखालची आणि देवघराची जमीन अजून कुणी उकरलेली नाही. जोते कधीचे, हे सांगू शकेल अशी तेवढीच जागा उरली आहे. ती जेसीबीच्या आधी जाणत्या माणसाने पाहावी. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचीच संस्था आहे. पत्रे मी लिहिते. कुणीच आले नाही तर निदान आपण दोरी लावून, चौकोन आखून, फोटो काढत, वितीवितीने उतरू आणि प्रत्येक वस्तू कुठे मिळाली ते लिहू. वाटीतली नाणी ‘आठवण म्हणून’ घराघरांत वाटायची नाहीत. एकत्र राहू देत. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज मी लिहून ठेवला आहे, सोबत यादी जोडायची बाकी आहे.

तेव्हा भाचेबुवा, येत्या रविवारी यंत्र नको, दोनशे पानी वही आणि मीटरची पट्टी घेऊन ये. कुठून काय निघाले ते आठवेल तेवढे, आठवेल तसे लिहून काढू. उरलेली नाणी तशीच राहू देत, घासू नकोस. आणि ते खिळे कुठे टाकलेस, ते आजच फोन करून सांग.